सरकारी शाळेत बायबलचा ऐच्छिक तास असावा काय?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक वाद गेली पावणेदोनशे वर्षे चालू आहे. तो मधूनच पेट घेतो, विझल्यासारखा दिसतो आणि पुन्हा धुमसू लागतो. सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळांत बायबल शिकवावे की नाही, आणि शिकवावयाचेच तर ते कोणी, कोणास व कोणत्या रीतीने, हा तो वाद होय. अलीकडे त्यास 'ऐच्छिक विषय' असे सौम्य रूप आले आहे. ज्यास वाटेल त्याने हा विषय घ्यावा, ज्यास नको त्याने दुसरा घ्यावा, मग तक्रारीस जागा ती कोठे, असे त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असते. हे म्हणणे कितपत खरे आहे, ते आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

सातासमुद्रापलीकडील ख्रिस्ती लोकांच्या या घरगुती तंट्याशी आपणांस काय करावयाचे आहे, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर दुहेरी आहे. एक तर आपल्या परिचित घरांपैकी कित्येक घरची मुले आज टेक्ससात, जॉर्जियात वा न्यू जर्सीत स्थायिक झाली असून त्यांची मुले तेथील सरकारी शाळांत शिकत आहेत. नातवाने विषय निवडण्याचा कागद घरी आणावा व त्यात बायबलचे नाव निघावे, असा प्रसंग आता काल्पनिक राहिलेला नाही. दुसरे असे, की हीच गाठ आपल्या देशातील शाळांतही पडत आहे. तेथे ग्रंथाचे नाव मात्र निराळे असते. दुसऱ्याच्या अंगणातील गाठ आपणांस शांतपणे न्याहाळता येते, हा लाभ काही लहान नव्हे.

एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. इंग्लंडात 'पब्लिक स्कूल' म्हटले म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची खाजगी शाळा असा अर्थ होतो. अमेरिकेत त्याच शब्दांचा अर्थ अगदी उलट, म्हणजे लोकांच्या करातून चालणारी, सर्वांस मोफत व खुली असलेली शाळा, असा आहे. आमच्या लेखात 'सरकारी शाळा' म्हणजे ही दुसरी शाळा समजावी.

वादाचे मूळ

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील शाळांचा दिवस बहुधा बायबलच्या वाचनाने सुरू होत असे. वाचावयाचे ते १६११ साली इंग्लंडच्या जेम्स राजाच्या काळी सिद्ध झालेले भाषांतर, आणि तेही कोणतीही टीका न करता. असे केले म्हणजे कोणत्याही पंथाचा पक्षपात होत नाही, अशी प्रॉटेस्टंट लोकांची प्रामाणिक समजूत होती. परंतु आयर्लंडातून आलेल्या कॅथलिक लोकांस हे भाषांतर मान्य नव्हते. त्यांचे भाषांतर निराळे होते, ग्रंथांची संख्याही निराळी होती. आणि टीकेवाचून वाचणे हीच मुळी त्यांच्या मते प्रॉटेस्टंट रीत होती. १८४२ साली फिलाडेल्फियाचे कॅथलिक बिशप केनरिक यांनी शाळामंडळाकडे एवढीच मागणी केली, की आमच्या मुलांस आमचे बायबल वाचू द्यावे. ही मागणी म्हणजे शाळेतून बायबल हाकलण्याचा कट होय, अशी आवई उठली आणि १८४४ च्या मे व जुलै महिन्यांत त्या शहरात भयंकर दंगे झाले. दोन कॅथलिक देवळे जाळण्यात आली व अनेक माणसे प्राणास मुकली.

येथे वाचकांनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की हा झगडा आस्तिक व नास्तिक यांच्यामध्ये नव्हता, ख्रिस्ती व अन्यधर्मी यांच्यामध्येही नव्हता. एकाच ग्रंथास पवित्र मानणारे दोन पंथ तो ग्रंथ कसा वाचावा यावरून एकमेकांचे गळे धरीत होते. पुढे १८६९ साली सिनसिनाटी येथील शाळामंडळाने बायबलवाचन बंद केले, तेव्हा मोठे वादळ उठले. परंतु ओहायो संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाने मंडळाचा तो अधिकार १८७२ साली मान्य केला. १८९० साली विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयाने एजर्टन गावच्या कॅथलिक पालकांच्या तक्रारीवरून असे ठरविले, की शाळेत जेम्स राजाचे बायबल वाचणे हे एका पंथाचे शिक्षणच होय. म्हणजे 'आमचा ग्रंथ सर्वांचाच आहे' हा दावा त्याच धर्मातील बांधवांनी प्रथम खोडून काढला.

दोन निकाल

विसाव्या शतकात हा वाद वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालयात पोचला. त्यातील दोन निकाल आमच्या विषयास विशेष उपयोगी आहेत.

पहिला निकाल १९४८ सालचा. इलिनॉय संस्थानातील शँपेन गावी आठवड्यातून एकदा शाळेच्याच इमारतीत, शाळेच्याच वेळात, बाहेरून आलेले शिक्षक धर्माचे वर्ग घेत. प्रॉटेस्टंट, कॅथलिक व यहुदी यांच्यासाठी वेगवेगळ्या वर्गांची सोय होती, आणि पालकांच्या सहीचे संमतिपत्र असल्यावाचून कोणासही त्यात बसवीत नसत. म्हणजे सर्व काही ऐच्छिकच होते. परंतु व्हॅश्टी मॅककॉलम नामक एका मातेने आपल्या मुलास या वर्गास पाठविण्याचे नाकारले, आणि त्या तासास सगळा वर्ग आत व हा मुलगा एकटा बाहेर, अशी स्थिती झाली. त्यास ओसरीत टेबल मांडून बसविण्यात आले. आणि ती जागा तर खोडकर मुलांना शिक्षा म्हणून बसविण्याची! न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली.

दुसरा निकाल १७ जून १९६३ चा. पेन्सिल्व्हेनिया संस्थानच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत रोज सकाळी बायबलमधील निदान दहा वचने वाचावी लागत. १९५६ साली अॅबिंग्टन येथील एलरी शेंप नामक सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या वेळी कुराण उघडून मनातल्या मनात वाचण्यास आरंभ केला व आपला निषेध व्यक्त केला. शेंप कुटुंब युनिटेरियन पंथाचे. पुढे पालकाने लिहून दिल्यास मुलास सूट देण्याची तरतूद कायद्यात झाली. परंतु वडिलांनी सूट मागितली नाही. मुलांना ओसरीत उभे राहावे लागेल, आणि ओसरीत उभे राहणे म्हणजे काही तरी गुन्हा केला असे इतर मुले समजतील, असे त्यांनी साक्षीत सांगितले. शँपेन व अॅबिंग्टन यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे, पण ओसरी एकच! हाही निकाल आठ विरुद्ध एक मताने लागला, आणि सक्तीचे भक्तिपर वाचन सरकारी शाळांतून गेले.

परंतु याच निकालपत्रात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी एक दार मुद्दाम उघडे ठेवले. धर्मांचा तौलनिक अभ्यास आणि संस्कृतीच्या वाढीशी असलेला धर्मांचा संबंध यांवाचून शिक्षण अपुरे राहते असे म्हणता येईल. आणि बायबलचा अभ्यास त्यातील वाङ्मयगुणांसाठी व इतिहासासाठी, तटस्थ दृष्टीने, ऐहिक शिक्षणक्रमाचा एक भाग म्हणून केल्यास त्यास आमच्या निकालाने आडकाठी येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. आज जे ऐच्छिक वर्ग चालतात, ते सर्व याच दारातून आत आलेले आहेत. २००६ साली जॉर्जियाने व २००७ साली टेक्ससने यासंबंधी कायदे केले. २०१७ साली केंटकीनेही तसाच कायदा केला.

हे दार उघडे आहे याची खुद्द अमेरिकन लोकांनाच फारशी वार्ता नाही. प्यू संशोधन केंद्राने २०१० साली केलेल्या पाहणीत शंभरांपैकी एकूणनव्वद लोकांना हे ठाऊक होते, की सरकारी शाळेतील शिक्षकाने वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घेता कामा नये. परंतु वाङ्मयाचे उदाहरण म्हणून शिक्षकाने बायबलमधील उतारा वाचून दाखविण्यास हरकत नाही, हे शंभरांत अवघ्या तेवीस जणांना माहीत होते. निषेध सर्वांच्या कानी गेला. अनुज्ञा मात्र कोणाच्या कानी पडली नाही.

अनुकूल पक्ष

आता या वर्गांच्या बाजूने जे सांगण्यात येते ते प्रथम पाहू. आमच्या मते ते बरेच सबळ आहे.

आपल्याकडे एखाद्याने रामायण-महाभारताची कथाच ऐकली नसेल, तर 'घरचा बिभीषण', 'लक्ष्मणरेषा', 'भगीरथ प्रयत्न', 'कुंभकर्णाची झोप' हे नित्याचे शब्दही त्यास बंद पेटीसारखे वाटतील. मग मोरोपंत त्यास काय कळणार? इंग्रजी वाङ्मयाची व बायबलची हीच गोष्ट आहे. मेल्व्हिलच्या १८५१ सालच्या 'मोबी डिक' या कादंबरीतील इश्माएल व एहाब ही नावे बायबलमधली. इश्माएल म्हणजे घराबाहेर घातलेला पुत्र आणि एहाब म्हणजे देवाशी वैर करणारा राजा, हे ज्यास ठाऊक नाही त्यास त्या कथेचे अर्धे मर्म कळत नाही. अब्राहम लिंकन यांनी १८५८ साली गुलामगिरीवरून दुभंगलेल्या देशास फुटलेल्या घराची उपमा दिली, ती शुभवर्तमानातून घेतलेली होती. मार्टिन लूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे आपले अखेरचे भाषण केले, त्यात आपण डोंगरमाथ्यावरून ईप्सित भूमी पाहिली असून तेथे आपण कदाचित पोचणार नाही, असे ते म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा वध झाला. मोशेने डोंगरावरून ती भूमी पाहिली व तीत पाऊल न टाकताच तो मरण पावला, ही कथा ज्यास माहीत नाही, त्यास ते भाषण ऐकून त्यातला काटा कसा रुतावा? कृष्णवर्णीय गुलामांची भजने, त्यांतील फारो राजा व दास्यातून सुटलेले इस्राएल, हे सर्व याच ग्रंथातून आलेले आहे.

आमचा नातू त्या देशाचा नागरिक होणार असेल, तर त्या देशाच्या मनाची ही किल्ली त्यास मिळू नये असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्ञानाने धर्म बुडतो ही भीती ज्यास वाटते, त्याचा स्वतःच्या धर्मावरच विश्वास थोडा आहे, असे म्हणणे प्राप्त होते.

प्रतिकूल पक्ष

तथापि दुसरी बाजूही तितकीच विचारणीय आहे. आम्ही तीसहून अधिक वर्षे वर्गात उभे राहून शिकविले आहे, आणि 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ कागदावर एक व वर्गात दुसरा असतो, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. पंचवीसपैकी चोवीस मुलांनी हात वर केला, म्हणजे पंचविसाव्या मुलाची इच्छा त्याच्या हातात राहत नाही.

याचे अगदी अलीकडचे उदाहरण पश्चिम व्हर्जिनियातील मर्सर परगण्याचे आहे. तेथील प्राथमिक व माध्यमिक शाळांत बायबलचे ऐच्छिक वर्ग सुमारे पाऊणशे वर्षे चालले होते. बहुतेक सर्व मुले त्यांस बसत. २०१७ च्या जानेवारीत पालकांनी न्यायालयात धाव घेतली. वर्गास न बसणाऱ्या आपल्या मुलीस सोबतीची मुले टोचून बोलतात, असे एका मातेचे म्हणणे होते; शेवटी तिने मुलीस दुसऱ्या परगण्यातील शाळेत घातले. धड्यांचे स्वरूपही काय होते? आदिमानव आदम हा प्रचंड सरड्यांच्या सोबतीने, म्हणजे डायनोसॉरांच्या संगतीत, वावरत असल्याचे चित्र मुलांनी मनात आणावे, अशी एका धड्यात सूचना होती. २०१८ च्या डिसेंबरात वरिष्ठ न्यायालयाने पालकांचा दावा चालविण्यास मुभा दिली, आणि २०१९ च्या जानेवारीत शाळामंडळाने ते वर्ग कायमचे बंद केले.

टेक्ससमध्ये मार्क चॅन्सी नामक प्राध्यापकांनी अशा वर्गांचे अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका व पुस्तके मागवून त्यांची २००६ साली व पुन्हा २०१३ साली छाननी प्रसिद्ध केली. काही शाळांत हे काम उत्तम चालल्याचे त्यांना आढळले. पण कित्येक शाळांत एकाच पंथाची श्रद्धा इतिहास म्हणून शिकविली जात होती, आणि यहुदी धर्माकडे तो केवळ ख्रिस्ती धर्माची पायरी आहे अशा दृष्टीने पाहिले जात होते. यात शिक्षकांचा दुष्टावा होता असे आम्हांस वाटत नाही. कायद्याने शिक्षकांस खास शिक्षण देण्याचे सांगितले, पण त्यासाठी द्रव्याची तरतूद केली नाही. मग रविवारी देवळात जे ऐकले तेच सोमवारी वर्गात सांगण्यावाचून त्या बिचाऱ्यांपाशी दुसरे होते काय?

आणि ओक्लाहोमात तर 'ऐच्छिक' हा पडदाही राहिला नव्हता. जून २०२४ मध्ये तेथील शिक्षणप्रमुखांनी पाचवीपासून बारावीपर्यंत बायबलचा अंतर्भाव करण्याचा हुकूम काढला, आणि ते पायउतार होताच ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी तो मागे घेतला. एका अधिकाऱ्याच्या लहरीने येणारे व दुसऱ्याच्या येण्याने जाणारे शिक्षण हे शिक्षण नव्हे. ते निशाण होय.

ग्रंथ एक, पाठ अनेक

आमच्या मते सगळ्या वादाचे मर्म ग्रंथात नसून शिक्षकात आहे. हे स्पष्ट होण्यासाठी दोन-तीन उदाहरणे देतो.

'बायबल शिकवा' असे म्हणताच पहिला प्रश्न येतो, की कोणते बायबल? यहुदी लोकांच्या पवित्र ग्रंथात चोवीस पुस्तके मोजतात. तोच मजकूर प्रॉटेस्टंट लोक एकूणचाळीस पुस्तकांत विभागतात व त्यास 'जुना करार' म्हणतात. कॅथलिकांच्या जुन्या करारात सेहेचाळीस पुस्तके आहेत. नव्या करारातील सत्तावीस धरून प्रॉटेस्टंटांची बेरीज सहासष्ट, तर कॅथलिकांची त्र्याहत्तर होते. 'जुना' हा शब्दसुद्धा यहुद्यांस रुचत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने नवा करार झालेलाच नाही. ज्या दहा आज्ञांच्या पाट्या शाळांतून लावण्याविषयी अमेरिकेत पुनःपुन्हा चळवळ होते, त्यांची गणतीही एक नाही; चोरी न करण्याची आज्ञा कॅथलिक गणनेत सातवी, तर यहुदी व बहुतेक प्रॉटेस्टंट गणनेत आठवी येते.

दुसरे उदाहरण शब्दार्थाचे. यशया नामक भविष्यवाद्याच्या ग्रंथात एक स्त्री गर्भवती होऊन पुत्र प्रसवेल असे वचन आहे. तेथे मूळ हिब्रू शब्द 'अल्मा' असा आहे; त्याचा अर्थ तरुण स्त्री. ख्रिस्तापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतरात त्या जागी 'पार्थेनोस' हा शब्द घातला गेला. त्याचा अर्थ सामान्यतः अक्षतयोनी कुमारी असा होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाने ग्रीक पाठ धरून ते वचन येशूच्या जन्मास लाविले. संस्कृत जाणणाऱ्यास 'युवती' व 'कुमारी' यांतील अंतर सांगावयास नको. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विद्वन्मान्य इंग्रजी भाषांतरात तेथे 'तरुण स्त्री' असा अर्थ छापला गेला, तेव्हा उत्तर कॅरोलायनातील एका पाद्र्याने ते पान जाहीर रीतीने जाळले.

आता वर्गात हे वचन आले, तर शिक्षकाने काय करावे? 'हे येशूविषयीचे भविष्य होय' असे सांगून जो पुढे जातो, तो प्रवचन करितो. 'ही सगळी भाषांतराची चूक, पुढे चला' असे म्हणणाराही प्रवचनच करितो. फक्त त्याचे देऊळ निराळे असते. खरा शिक्षक फळ्यावर दोन्ही शब्द लिहील, यहुदी काय समजतात, ख्रिस्ती काय समजतात, भाषापंडित काय म्हणतात, हे क्रमाने सांगेल, आणि मग खडू खाली ठेवील. विश्वास कशावर ठेवावा हे ठरविण्याचे काम मुलाच्या घराकडे व पुढे त्याच्या स्वतःच्या बुद्धीकडे सोपवील.

आपल्या वाचकांस ही पद्धत परकी नाही. छांदोग्योपनिषदातील सुप्रसिद्ध महावाक्याचा अर्थ शंकराचार्य जीवब्रह्मैक्यपर लावितात, तर मध्वाचार्य पदच्छेद बदलून त्याच ठिकाणी नकार वाचतात आणि द्वैत सिद्ध करितात. रामानुजाचार्यांचा मार्ग तिसराच. एका संधीच्या सोडवणुकीवर दर्शने उभी राहिली. तरी आपल्या पाठशाळांत पूर्वपक्ष पूर्णपणे मांडल्यावाचून सिद्धान्त सांगणे हे अपुऱ्या विद्येचे लक्षण मानीत असत. तसेच रघुवंशाच्या आरंभी कालिदासाने पार्वतीपरमेश्वरांस वंदन केले आहे. ते आम्ही आमच्या वर्गातील मुसलमान व ख्रिस्ती मुलांसही शिकविले. शब्द व अर्थ यांच्या नित्य संबंधाची ती उपमा त्यांनी उत्तम रीतीने समजून घेतली, परीक्षेत लिहिली, आणि त्यासाठी त्यांस हात जोडावे लागले नाहीत. हात जोडणे आणि उपमा समजणे या दोन क्रिया भिन्न आहेत. शाळेने दुसरी शिकवावी. पहिलीचे स्थान घर, देऊळ, मशीद व चर्च हे होय.

आपल्या घरची गोष्ट

हा भेद आपल्या देशास नवा नाही. मुंबईत मिशनरी शाळांचा आरंभ झाला तेव्हा बायबलचा तास हा त्या शाळांचा प्राणच होता. १८३९ साली दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८४३ साली नारायण शेषाद्री व त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यांचे प्रकरण झाले. श्रीपतास पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, त्याबद्दल त्यांस स्वकीयांचा केवढा रोष सोसावा लागला हे सर्वश्रुत आहे. इंग्रजी विद्या हवी, पण तिच्याबरोबर येणारा धर्म नको, या कात्रीत आपले पूर्वज सापडले होते. ते भित्रे नव्हते. शाळेच्या बाकावर बसलेले मूल गुरूचे म्हणणे नाकारण्यास समर्थ नसते, एवढेच ते जाणत होते.

१८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यात सरकारी शाळांतील शिक्षण निव्वळ ऐहिक असावे असे ठरले. ग्रंथालयात बायबल असण्यास हरकत नाही, मुलाने आपण होऊन विचारल्यास शिक्षकाने शाळेच्या वेळाबाहेर समजावून सांगण्यासही हरकत नाही, असा त्यात मध्यम मार्ग काढण्यात आला. स्वतंत्र भारताच्या घटनेतील अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने, सर्वस्वी सरकारी द्रव्यावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असा नियम घातला. आणि सरकारी मान्यता वा मदत घेणाऱ्या अन्य शाळांत पालकांच्या संमतीवाचून मुलास तशा शिक्षणास बसविता येणार नाही, असेही सांगितले. पुढे २००२ साली अरुणा रॉय यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की धर्माची दीक्षा देणे निराळे व धर्मांविषयी अभ्यास करणे निराळे. दुसऱ्यास घटनेची मनाई नाही. म्हणजे वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १९६३ साली जी रेषा आखली, तिच्या जवळपासच दिल्लीच्या न्यायालयाची रेषा पडली.

मार्च २०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीतेचा अंतर्भाव करण्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांस आनंद झाला. आम्हांसही गीता प्राणप्रिय आहे. परंतु टेक्ससमधील नातवासाठी आपण जो न्याय मागतो, तोच न्याय आपल्या गावच्या शाळेतील मुसलमान, ख्रिस्ती व बौद्ध मुलांस देण्यास आपण सिद्ध आहो काय, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने स्वतःस विचारावा. स्वतःसाठी एक माप व शेजाऱ्यासाठी दुसरे, हे वाण्याच्या दुकानातही चालत नाही. मग शाळेत कसे चालावे?

निर्णय

येणेप्रमाणे दोन्ही पक्ष पाहिल्यावर आमचे मत असे आहे, की सरकारी शाळेत बायबलचा ऐच्छिक वर्ग असण्यास हरकत नाही. किंबहुना तो नीट चालत असेल तर तो इष्टच आहे. मात्र त्यास काही अटी असाव्यात.

पहिली अट वयाची. हा विषय माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतच असावा. दहा वर्षांच्या मुलास 'असे काही लोक मानतात' आणि 'असे आहे' यांतील भेद कळत नाही; गुरुजींनी सांगितले ते त्याच्या लेखी खरे. दुसरी अट शिक्षकाची. तो शाळेने नेमलेला, शाळेस जबाबदार व या विषयात तयार केलेला असावा. टेनेसीतील चॅटनूगा येथे १९२२ पासून असे वर्ग देणग्यांच्या आधारावर चालत आले आहेत. १९७९ साली न्यायालयाने त्यांची चौकशी केली, तेव्हा शिक्षकांची निवड व अभ्यासक्रम यांवर देणगीदारांचा नव्हे, तर शाळामंडळाचाच ताबा पाहिजे, असे त्यास बजावून सांगावे लागले. पैसे कोणाचे हा प्रश्न गौण आहे. फळ्यासमोर उभे राहणारा माणूस कोणाचा, हा मुख्य. तिसरी अट पर्यायाची. त्याच वेळी दुसरा तितकाच मोलाचा विषय चालू असला पाहिजे, म्हणजे न बसणाऱ्या मुलास ओसरी पाहावी लागणार नाही. चौथी अट परीक्षेची. प्रश्नपत्रिकेत ज्ञान तपासावे, श्रद्धा नव्हे.

या साऱ्या अटी एका कसोटीत सांगता येतात. त्या वर्गात एखादे यहुदी, हिंदू, मुसलमान अथवा काहीच न मानणारे मूल, आपले मत न लपविता, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊ शकेल काय? होत असेल तर तो वर्ग विद्येचा आहे. होत नसेल, तर त्यास 'ऐच्छिक' म्हणा, 'वाङ्मयीन' म्हणा, 'ऐतिहासिक' म्हणा, तो उपासनेचाच वर्ग आहे, आणि सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेत त्यास जागा नाही. हीच कसोटी बायबलऐवजी गीता, कुराण वा धम्मपद ठेवून आपल्याकडेही लावून पाहावी.

ज्यांची मुले-नातवंडे त्या देशात शिकत आहेत त्यांनी निष्कारण घाबरू नये व निष्कारण भाळूही नये. होकार वा नकार देण्यापूर्वी त्यांनी शाळेकडून अभ्यासक्रम मागवावा, शिक्षकाची नेमणूक कोणी केली हे विचारावे, गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका पाहावी, आणि जी मुले हा विषय घेत नाहीत ती त्या तासास कोठे बसतात, हे अवश्य विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक मिळाले, तर मुलास खुशाल त्या वर्गात बसू द्यावे. त्याने मोशेची कथा समजून घ्यावी व घरी येऊन आजोबांस सांगावी. आजोबांनी त्यास नचिकेत्याची सांगावी. त्याने कोणाचेही काही बुडणार नाही.